इंजिनाच्या झडपांची फट आणि तेलावर चालणारे टॅपेट

इंजिनातून टकटक असा आवाज येऊ लागला की मालक सावध होतो, आणि तो आवाज बंद झाला की निश्चिंत होतो. इतर यंत्रांच्या बाबतीत ही सवय चांगलीच आहे. झडपांच्या बाबतीत मात्र ती पुष्कळदा नुकसानीस कारण होते. किंचित वाजणारी झडप बहुधा आपले काम बजावीत असते. परंतु जी झडप थोडी वाजावयास हवी, ती अगदी मुकी झाली असेल, तर ती जळण्याच्या मार्गास लागलेली असू शकते.

ट्रॅक्टर, डिझेल पंप, जीप, मालवाहू गाडी व मोटारगाडी ही साधने आज खेडोपाडी पोचलेली आहेत. पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर वाफसा निघून जातो. तोडलेली भाजी गाडीत भरल्यावर इंजिनाने दम सोडला तर बाजार हुकतो. अशा वेळी होणारे नुकसान दुरुस्तीच्या खर्चाहून कितीतरी अधिक असते. यास्तव झडपांची फट म्हणजे काय, ती का ठेवावी लागते, आणि काही गाड्यांत ती मुळीच ठेवावी लागत नाही हे कसे, याची माहिती ग्रामसेवकांस व शेतकरी बंधुभगिनींस असणे अगत्याचे आहे.

झडपेचे काम

चार फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला निदान दोन झडपा असतात. एकीतून हवा, किंवा हवा व पेट्रोल यांचे मिश्रण, आत येते. दुसरीतून जळालेला वायू बाहेर पडतो. कारागीर त्यांना ‘इनलेट व्हॉल्व्ह’ व ‘एक्झॉस्ट व्हॉल्व्ह’ म्हणतात. कॅमशाफ्ट नावाच्या दांड्यावर उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा टॅपेटला ढकलतो. टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला व रॉकर झडपेच्या दांडीला, असा हा रेटा पुढे जातो आणि झडप उघडते. उंचवटा सरला की स्प्रिंगच्या जोराने झडप मिटते. काही इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूस, म्हणजे हेडमध्येच असतो. तेथे पुशरॉड नसतात.

क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते व एकदा मिटते. इंजिन मिनिटास १,५०० फेरे करीत असेल तर झडप मिनिटास ७५० वेळा व तासास ४५,००० वेळा उघडझाप करते. दिवसभराच्या नांगरटीत ही संख्या तीन-चार लाखांवर जाते. एवढ्या वेळा उघडून दर वेळी आपल्या बैठकीवर घट्ट बसणे, हे झडपेचे खरे काम होय. ती घट्ट बसली तरच दट्ट्याच्या वर दाब टिकतो, आणि दाब टिकला तरच शक्ती निर्माण होते.

फट कशासाठी?

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती आधी तापवितो. तापल्याने ती प्रसरण पावते व चाकावर सहज बसते. पाणी ओतताच आकसून चाकाला आवळते. इंजिनातही हाच नियम लागू आहे. झडप तापली की तिची दांडी लांब होते. पोलादाचा १०० मिलिमीटर लांबीचा तुकडा ४०० अंश सेल्सियसने अधिक तापला, तर तो सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. इंजिनाचे हेडही तापून वाढत असल्यामुळे या वाढीचा काही भाग भरून निघतो; तरी उरलेल्या फरकासाठी जागा ठेवणे भाग असते. रॉकर व झडपेची दांडी यांच्यामध्ये, झडप मिटलेली असताना, जी बारीक फट ठेवतात ती हीच. तिलाच कारागीर ‘टॅपेटची फट’ म्हणतात, व ती ठेवण्याच्या कामास ‘टॅपेट सेट करणे’ म्हणतात.

ही फट नाहीशी झाली तर काय होते, हे नीट समजून घ्यावे. एक्झॉस्ट झडपेवरून जळता वायू वाहतो. तिचे तपमान ७०० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊ शकते. तिला गार होण्यास मुख्य वाट एकच: मिटल्यावर ती बैठकीला टेकते, तेव्हा तिच्यातील बहुतेक उष्णता बैठकीतून हेडमध्ये व तेथून पाण्यात निघून जाते. फट उरली नाही म्हणजे तापलेल्या दांडीला वाढण्यास जागा राहत नाही. रॉकर तिला दाबून धरतो व झडप पूर्ण मिटत नाही. मग उष्णता बाहेर जाण्याची वाट बंद होते, आणि उलट उरलेल्या चिरेतून जळता वायू जोराने निसटू लागतो. बांधाला उंदराचे भोक पडले की पाणी तेच भोक मोठे करीत जाते, तसा हा वायू झडपेची कड खात जातो. झडप जळाली म्हणजे हेड उतरविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

फट गरजेपेक्षा जास्त झाली तर झडप उशिरा उघडते, पुरेशी उघडत नाही व लवकर मिटते. सिलिंडरमध्ये हवा कमी येते, शक्ती कमी होते, व रॉकर दर वेळी दांडीवर आपटल्याने दोन्ही झिजतात. हे नुकसान हळूहळू होते आणि आवाजाने स्वतःची वर्दी देते. कमी फटीचे नुकसान जलद होते आणि मुकाट्याने होते. दोहोंतील हा भेद ध्यानात ठेवावा.

झीज दोन्ही दिशांनी होते

कॅम, टॅपेट व रॉकर यांची टोके झिजली की फट वाढते. परंतु झडपेची कड व तिची बैठक झिजली की झडप हेडमध्ये थोडी आत जाते, तिची दांडी रॉकरकडे सरकते व फट कमी होते. म्हणून ‘आवाज नाही, तेव्हा टॅपेट तपासण्याची गरज नाही’ हा समज चुकीचा आहे.

जुन्या पेट्रोल गाड्यांच्या मालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचा अंश घालीत. त्याचा पातळ थर झडपेच्या बैठकीवर बसून तिचे झिजेपासून रक्षण होई. आरोग्यास घातक म्हणून तो अंश काढून टाकण्यात आला व २००० सालापासून आपल्या देशात सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. हा निर्णय योग्यच होता. परंतु ज्या जुन्या इंजिनांत कठीण धातूच्या बैठका नाहीत, त्यांच्या बैठका आता लवकर झिजू शकतात. पेट्रोलची गाडी वायुइंधनावर चालविली तरी बैठकीवर असाच कोरडा मार बसतो. अशा इंजिनांची फट नेमलेल्या मुदतीपूर्वीच तपासून घ्यावी.

थंड इंजिन की गरम इंजिन?

फट किती ठेवावी हा आकडा इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. त्या आकड्यासोबत ‘इंजिन थंड असताना’ किंवा ‘गरम असताना’ असे शब्द असतात. ते शब्द आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत. पुढील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

मॅसी फर्ग्युसन १३५ ट्रॅक्टरचे पर्किन्स ए.डी. ३·१५२ हे तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन घ्या. त्याची फट थंड असताना ०.३० मिलिमीटर व गरम असताना ०.२५ मिलिमीटर ठेवतात. म्हणजे इंजिन तापले की फट कमी होते. आता सहा झडपांच्या जुन्या मारुती ८०० गाडीचे इंजिन पहा. तेही तीन सिलिंडरचेच. परंतु त्याची फट थंड असताना ०.१३ ते ०.१७ मिलिमीटर व गरम असताना ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर असते. येथे इंजिन तापले की फट वाढते! याचे कारण असे की, पर्किन्सचे हेड बिडाचे आहे, तर मारुतीचे ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम हे पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून रॉकरला धरून ठेवणारे हेड झडपेच्या दांडीपेक्षा अधिक वाढते.

मारुतीचे इंजिन गरम असताना थंडीचा आकडा, म्हणजे ०.१५ मिलिमीटर, धरून टॅपेट बसविले, तर थंड झाल्यावर जेमतेम ०.०५ मिलिमीटर फट उरेल. बैठक थोडी झिजताच तीही जाईल आणि सकाळी गाडी चालू होण्यास त्रास देऊ लागेल. एका इंजिनाचा आकडा दुसऱ्याला लावू नये, आणि अंदाजाने तर मुळीच काम करू नये, हे यावरून दिसून येईल.

फट बसविण्याची रीत

ज्या इंजिनात रॉकरवर स्क्रू व नट आहे, तेथे हे काम अनुभवी कारागिराच्या देखरेखीखाली शिकून घेता येते. ज्या गाड्यांत रॉकर नसून कॅम थेट वाटीच्या आकाराच्या टॅपेटवर चालतो व फट चकत्या बदलून ठेवावी लागते, तेथे ते काम कारखान्यावर सोपवावे.

(१) गाडी सपाट जागी उभी करून हाताचा ब्रेक लावावा व गिअर काढून ठेवावा. पेट्रोल गाडीची बॅटरी सोडवावी. डिझेल इंजिनाची इंधन बंद करण्याची दांडी ओढून ठेवावी. धोतर, पदर अथवा सैल बाही पंख्याजवळ येऊ देऊ नये.

(२) पुस्तिकेत थंड इंजिनाचा आकडा असल्यास इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे. झडपांवरील झाकण काढण्यापूर्वी भोवतालची धूळ पुसून घ्यावी. आत पडलेला मातीचा कण तेलाबरोबर सर्व इंजिनात फिरतो.

(३) जी झडप तपासावयाची ती पूर्ण मिटलेली असली पाहिजे. एका सिलिंडरच्या पंपाचे इंजिन हाताने फिरवून इनलेट झडप मिटल्यावर दट्ट्या सर्वांत वर येईल तेथे थांबावे. या स्थितीत दोन्ही रॉकर सैल असतात.

(४) ठरलेल्या जाडीचे फीलर गेजचे पाते फटीत घालावे. दोन पानांमध्ये दाबलेला कागद ओढताना हाताला जेवढा अटकाव जाणवतो, तेवढाच पात्याला जाणवला पाहिजे. ते मोकळे सरकत असेल तर फट जास्त, आत शिरत नसेल तर कमी.

(५) फट चुकीची असल्यास नट सैल करून स्क्रू फिरवावा, पाते पुन्हा लावून पहावे व स्क्रू धरून नट आवळावा. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच; म्हणून आवळल्यावर पाते आणखी एकदा घालून पाहिल्याखेरीज पुढील झडपेकडे वळू नये.

(६) रॉकरच्या टोकाला खळगा पडला असेल तर पाते खळग्यावरून आडवे बसते व फट खरी आहे त्याहून कमी दाखविते. अशा वेळी भाग बदलणे हाच उपाय.

आठ झडपांच्या काही इंजिनांसाठी एक सोपा हिशेब आहे. जुन्या पेट्रोल अँबॅसडर गाडीच्या बी.एम.सी. इंजिनात तो चालतो. झडपांना पुढून मागे १ ते ८ क्रमांक द्यावेत. आठवी झडप पूर्ण उघडलेली असेल तेव्हा पहिली तपासावी, सहावी उघडी असता तिसरी, चौथी उघडी असता पाचवी, सातवी उघडी असता दुसरी. याप्रमाणे उघडी झडप व तपासावयाची झडप यांची बेरीज नेहमी नऊ झाली पाहिजे. ज्या इंजिनात झडपांची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी नाही, तेथे मात्र हा हिशेब लावू नये.

हेडचे बोल्ट पुन्हा आवळले असतील तर त्यानंतर फट अवश्य तपासावी, कारण हेड किंचितही खाली बसले तरी फट बदलते.

तेलावर चालणारे टॅपेट

वारंवार फट ठेवण्याची ही खटपट टाळावी व आवाजही नसावा, या हेतूने तेलावर चालणारे टॅपेट निघाले. त्यांना ‘हायड्रॉलिक टॅपेट’ अथवा ‘लिफ्टर’ म्हणतात. अमेरिकेत १९३० साली कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरच्या गाडीत तेलाच्या दाबाने फट भरून काढण्याची योजना होती, व १९३३ साली पिअर्स-ॲरो गाडीत हायड्रॉलिक टॅपेट बसविण्यात आले. पुढे अनेक देशांच्या मोटारगाड्यांत ते आले. आजही सर्वच गाड्यांत ते नसतात. आपल्या गाडीत आहेत की नाहीत, हे पुस्तिका पाहून ठरवावे.

याची रचना विहिरीवरील पंपाच्या उदाहरणाने चटकन समजेल. टॅपेटच्या पोकळ भांड्यात एक लहान दट्ट्या असतो. त्याच्याखाली एक स्प्रिंग व एक गोळीची झडप असते. इंजिनाचा तेलपंप या दट्ट्यात तेल पाठवितो. झडप मिटलेली असताना स्प्रिंग दट्ट्याला वर उचलते व सगळी फट भरून काढते. खाली जी जागा होते तिच्यात गोळीजवळून तेल उतरते. पंपाच्या फूट व्हॉल्व्हमधून पाणी वर चढते पण परत जात नाही, तसेच येथे तेल आत येते पण परत जात नाही. कॅमचा उंचवटा आला की गोळी वाट बंद करते. कोंडलेले तेल दाबले जात नाही, म्हणून सबंध टॅपेट एखाद्या भरीव तुकड्याप्रमाणे झडप उचलतो.

परंतु झडप तापून लांब झाली तर? त्याचीही सोय आहे. दट्ट्या व भांडे यांच्यामधील अतिसूक्ष्म जागेतून दर वेळी थोडेसे तेल झिरपून जाते. त्यामुळे दट्ट्या लागेल तेवढा खाली बसू शकतो व झडप पूर्ण मिटते. पुढच्या क्षणी नवे तेल येऊन उणीव भरते. साध्या टॅपेटमध्ये जी फट माणूस पात्याने ठेवतो, तिचा हिशेब येथे तेल दर उघडझापीला नव्याने करते.

येथे तेलाची निगा हीच टॅपेटची निगा

यावरून हे उघड आहे की, अशा टॅपेटचे आयुष्य सर्वस्वी तेलावर अवलंबून आहे. पिचकारीचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबला, तर आत नुसते पाणी असता तो हलत नाही. हवेचा बुडबुडा असता मात्र तो आत जातो. टॅपेटमधील तेलात हवा शिरली की असेच होते व टकटक ऐकू येते. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. तेल खुणेपेक्षा जास्त भरले तर क्रँकशाफ्ट ते घुसळून त्याचा फेस करतो. म्हणून पातळी पट्टीवरील दोन खुणांच्या मध्ये असावी; ‘जास्त घातले तर बरे’ हा विचार येथे उपयोगी नाही.

मुदत उलटून गेलेल्या तेलाचा चिकट थर दट्ट्यावर बसतो व तो अडकतो. कचऱ्याचा एखादा कण गोळीखाली अडकला तर तेल परत जाऊ लागते. यास्तव तेल व त्याची गाळणी ही दोन्ही पुस्तिकेतील मुदतीत बदलावीत, व तेल सांगितलेल्या प्रतीचेच वापरावे. केवळ आवाज दबावा म्हणून फार दाट तेल घालू नये. ते सकाळच्या थंडीत टॅपेटपर्यंत पोचण्यास वेळ घेते.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर काही टॅपेटमधील तेल झिरपून गेलेले असते. म्हणून चालू करताच काही सेकंद टकटक होऊन ती थांबली, तर काळजीचे कारण नाही. इंजिन तापल्यावरही आवाज राहिला तर प्रथम तेलाची पातळी पहावी, नंतर तेल कधी बदलले ते पहावे, आणि मग तेलाचा दाब मोजून घ्यावा. टॅपेट काढण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. तेलाचा दिवा लागला असेल तर मात्र गाडी जागीच थांबवावी. त्या वेळी प्रश्न टॅपेटचा नसून साऱ्या इंजिनाचा असतो.

हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात पाते घालून फट ठेवण्याचा प्रयत्न करू नये. काही इंजिनांत रॉकर खोलल्यानंतर एकदा बसवणी करावी लागते. उदाहरणार्थ, जुन्या शेव्हरले व्ही-८ इंजिनात पुशरॉडमधील मोकळीक नुकतीच संपेपर्यंत नट फिरवितात व त्यानंतर आणखी एक फेरा देतात, म्हणजे दट्ट्या आपल्या घराच्या मधोमध राहतो. नट याहून फार आवळला तर दट्ट्या तळाला टेकतो, झडप उघडी राहते व शेवटी जळते. साध्या टॅपेटचा धोका येथेही त्याच रीतीने परत येतो.

नोंदवही ठेवा

ग्रामसेवकांनी आपल्या गावातील ट्रॅक्टर व पंप यांच्या मालकांस एक सवय लावून द्यावी. टॅपेट बसविण्यापूर्वी प्रत्येक झडपेची फट किती आढळली, ती प्रथम वहीत लिहावी आणि मग ती दुरुस्त करावी. सोबत तारीख व इंजिन चाललेले तास लिहावेत. सामान्यतः आढळलेली फट कोणी लिहून ठेवीत नाही, आणि तेथेच मोलाची माहिती वाया जाते. तीन नोंदी झाल्या की इंजिनाची प्रकृती कळू लागते. एखाद्या झडपेची फट दर वेळी कमीच झालेली आढळली, तर तिची बैठक झिजत आहे असे समजावे, आणि सुगीचे दिवस येण्यापूर्वी, हाताशी सवड असताना, हेड उघडून घ्यावे. फट वाढत गेलेली आढळली तर कॅम, टॅपेट व रॉकर यांची झीज तपासावी. हायड्रॉलिक टॅपेटच्या गाडीसाठी त्याच वहीत तेल बदलल्याची तारीख, तेलाची प्रत व गाळणी बदलल्याची नोंद ठेवावी.

फीलर गेजला फारशी किंमत पडत नाही, व वहीला त्याहूनही कमी. गावात चार-पाच ट्रॅक्टर असतील तर सहकारी संस्थेने एक चांगला गेज घेऊन ठेवला तरी सर्वांचे काम भागेल. कारागिराकडे टॅपेटचे काम दिल्यास ‘आवाज बंद करून द्या’ असे न सांगता ‘पुस्तिकेप्रमाणे फट ठेवा व आधी किती होती ते लिहून द्या’ असे सांगावे. जो कारागीर आवाज घालविण्यासाठी स्क्रू आवळतो, त्याचे काम त्या दिवशी गोड वाटते. पण त्याची किंमत काही महिन्यांनी, आणि बहुधा ऐन हंगामात, मालकास मोजावी लागते.